सोमादादाची चार मिनिटं

माझा पाय हलतो. बसले की हलतो, वाचताना हलतो, जेवतानाही हलतो. आई म्हणते, "पाय हलवू नगंस, लक्ष्मी जाती." मी म्हणते, यायला तर हवी आधी. पाच वर्षं मी कळस ते बारामती एसटीनं जात-येत होते. तीन वर्षं कॉलेजात, संख्याशास्त्र घेऊन, आणि पुढं दोन वर्षं माती तपासायच्या प्रयोगशाळेत. लोकांच्या रानातली माती पिशव्यांतून यायची, मी तिच्यावर नंबर टाकायचे. एकदा नंबर टाकता टाकता वाटलं, आपल्यालाही कुणीतरी पिशवीत भरून नंबर टाकलाय. त्या दिवसापासून इथून बाहेर कसं पडायचं याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वाट निघाली ती भलत्याच ठिकाणाहून. आमच्या सोमादादाच्या खेळातून.

सोमादादा म्हणजे सोमनाथ, माझा सख्खा थोरला भाऊ. त्याला संगणकावर गाड्या पळवायचा नाद. साधा नाद नव्हे. टेबलाला बांधलेलं स्टिअरिंग, पायाखाली खरे पेडल, आणि बसायला भंगारातून आणलेली ट्रॅक्टरची सीट. त्याचा जोडीदार यशराज, आमचा चुलत भाऊ, माझ्याहून वर्षानं लहान. यशा रोज कळसहून बारामतीला दुधाचा टेम्पो नेतो. कॅन हिंदकळू नयेत म्हणून टेम्पो असा चालवतो की शेजारी बसलेल्याला झोप लागावी. खेळातही, गावठाणातल्या आपल्या घरच्या संगणकावर, तसाच, आणि तरी दादापेक्षा वेगानं. मी गाडी चालवत नाही. मी सांगते. पेट्रोल किती उरलं, टायर कधी बदलायचे, पेट्रोल भरायला आणि चालक बदलायला ट्रॅक सोडून आत कधी यायचं, सगळं मी. दोघांच्या कानात हेडफोन आणि त्यात माझा आवाज. आई त्याला 'कटकट' म्हणते, पण शर्यती आम्ही जिंकत होतो त्या कटकटीवर.

त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत एकतीस संघ होते, राज्यभरातले, सगळे आपापल्या घरून खेळणारे. सहा तासांची शर्यत, रविवारी सकाळी दहा ते चार. आणि या वेळी एक नवी गोष्ट होती. खऱ्या गाड्यांच्या शर्यतीत संघ उतरवणारी पुण्याची एक कंपनी ती पाहणार होती. त्यांनी जाहीर केलं होतं की जो संघ जिंकेल, त्याचे डावपेच आखणाऱ्याला मुलाखतीला बोलावू. चालवणाऱ्याला नाही, आखणाऱ्याला. ते वाचलं तेव्हा मी बसमध्ये होते. निमगाव केतकीचा बाजार होता, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी उभ्या उभ्या ते सात वेळा वाचलं. मला जिंकायचंच होतं. दादाला हौस होती, यशाला मजा होती. मला मात्र तो दरवाजा दिसत होता आणि तो एकदाच उघडणार होता.

महिनाभर मी आकडेमोड केली. गाडी जोरात पळवली तर टाकी पंचावन्न मिनिटं पुरते. म्हणजे सहा तासांत सहा वेळा आत यावं लागतं, आणि एकदा आत आलं की एक मिनिट जातं. पण वळण यायच्या जरा आधीच पेट्रोलवरचा पाय उचलला, गाडीला तिच्या तिच्या जोरावर वाहू दिलं, तर तीच टाकी साठ-बासष्ट मिनिटं जाते. मग पाचच थांबे लागतात. पाय उचलल्यानं दर फेरीला थोडं नुकसान होतं, पण एक आख्खा थांबा वाचतो. गोळाबेरीज केली तर वीस सेकंद आपल्या पदरात. सहा तासांच्या शर्यतीत वीस सेकंद! ऐकून दादा हसला. यशा हसला नाही. तो म्हणाला, "आक्का, टेम्पो मी असाच चालवतो की."

नियम एकच जाचक होता. दोघांपैकी प्रत्येकानं किमान दोन तास चालवलंच पाहिजे, नाहीतर संघाचं नाव कट. यशा वेगवान, म्हणून त्याला जास्तीत जास्त आणि दादाला नियमापुरतं द्यायचं ठरवलं. दादाला एकसष्ट मिनिटांच्या दोन पाळ्या. एकशेवीसच्या जागी एकशेबावीस, म्हणजे दोन मिनिटं वरची. वहीच्या पहिल्याच पानावर मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'दादा, किमान १२०.' आणि खाली दोन रेघा.

आता पाळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच फसलं. आमचे तात्या आणि यशाचे आबा हे सख्खे भाऊ. रानं वाटली, घरं वाटली. आबा गावठाणात राहिले, आम्ही वस्तीवर आलो. विहीर मात्र वाटता येत नाही. एक विहीर, एक मोटार. दिवसाला आठ तास लाईट, त्यात चार तास आमचे, चार त्यांचे. पाळी आमची असताना लाईट गेली तर गेलेली मिनिटं बुडत नाहीत. पुढच्यानं आपल्या वेळातून ती भरून द्यायची. मोटारीच्या खोलीच्या दारावर खडू ठेवलेला असतो. ज्याची लाईट गेली त्यानं मिनिटं लिहायची, ज्यानं भरून दिली त्यानं पुसायची. तात्या आणि आबा एकमेकांशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. एकाच्या लग्नात दुसऱ्याला उशिरा टोपी घातली, असलं काहीतरी कारण आहे. पण खडूच्या आकड्यावरून माझ्या जन्मात कधी तंटा झाला नाही. सात म्हणजे सात, अकरा म्हणजे अकरा.

मला त्या विहिरीचा संताप यायचा. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मोटारीपाशी पुस्तक घेऊन बसले होते, कारण दादा कारखान्यावर आणि तात्या लग्नाला. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. मी बसून राहिले, दारावर एकोणीस लिहिलं, आणि घरी येऊन रडले. माझं आयुष्य असंच मिनिटं लिहिण्यात जाणार असं वाटलं होतं.

तर तो रविवार. त्या आठवड्यात आम्हाला दिवसाची लाईट होती, साडेआठ ते साडेचार. यशा दोन दिवस आधी म्हणाला होता, "सोमादादाचं सामान गावठानात आणू का? आमच्याकडं लाईट जात न्हाय." मी नको म्हणाले. टेबल हलवलं की स्टिअरिंग सैल होतं, पेडलचं अंतर बदलतं. खरं सांगायचं तर आबांच्या घरात बसून मला कटकट करता आली नसती, तिथं चहा प्यावा लागला असता आणि काकूंना स्थळांबद्दल उत्तरं द्यावी लागली असती. मी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "निवांत ऱ्हावा ताई, रविवारी काय काम काढलं न्हाय." मी निवांत राहिले, म्हणजे माझ्यापरीनं.

दहाला शर्यत सुरू झाली. यशानं पहिला तास काढला तेव्हा आम्ही सातवे होतो. आमच्या पुढचे सगळे धावत होते आणि आम्ही पाय उचलत होतो. दादा दुसऱ्या खोलीतून ओरडला, "सातवं हाय आपण!" मी म्हटलं, गप बस. दादानं अकरा ते बारा वाजून एक मिनिटापर्यंतची पाळी काढली, नववे झालो. माझा पाय टेबलाला लागून स्क्रीन हलत होती. तात्या एकदा आत डोकावले, "जिकताय का?" म्हणाले आणि माझं तोंड बघून परत गेले.

दुपारी बारानंतर पुढच्यांची पेट्रोलं संपायला लागली. एक आत गेला, दुसरा गेला. आम्ही पाचवे. यशा लागोपाठ दोन तास बसला, एकदाही गाडी घसरली नाही. दीडला आम्ही तिसरे. दोनला दादा पुन्हा बसला तेव्हा पुढे फक्त कोल्हापूरकडचा एक संघ होता आणि त्यांना अजून एक जादा थांबा घ्यायचा होता. अडीचला त्यांनी तो घेतला. आम्ही पहिले! सत्तर सेकंदांनी पहिले. आईनं आणून ठेवलेली भाकरी तशीच पडली होती. मला भूक नव्हती, मला तहान नव्हती, मला फक्त चार वाजायला हवे होते.

दोन सत्तावन्नला लाईट गेली.

पंखा थांबला, दादाची स्क्रीन काळी झाली. बाहेर कुठंतरी 'फट्' असा आवाज झाला होता. क्षणभर लाईट लपकली असणार, आणि परत आल्याबरोबर साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. सगळ्यांच्या मोटारी ऑटोवर, कुणाला धीर आहे? एकदम भार येऊन डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला. दादा सीटवर तसाच बसून राहिला, हात स्टिअरिंगवर, समोर काळोख. "आक्के," तो म्हणाला, "मी काय केलं न्हाय."

माझा लॅपटॉप बॅटरीवर होता, इंटरनेट मोबाईलचं. खेळात असं आहे की चालवणारा गायब झाला की गाडी आपोआप आत नेऊन उभी केली जाते आणि जोडीदार ती घेऊ शकतो. "यशा, बस!" मी किंचाळले. तो बसलाच होता. टाकी भरली, दोन अठ्ठावन्नला गाडी बाहेर पडली.

मी वहीत बघितलं आणि हसायलाच लागले. तीन वाजून एक मिनिटानं आत यायचंच होतं की! नियोजित थांबा आणि लाईट जाणं यांत चारच मिनिटांचं अंतर. नुकसान काहीच नाही. उलट आता यशा बसला होता, टाकी भरलेली होती, बासष्ट मिनिटं राहिली होती आणि यशा बासष्ट मिनिटं ताणू शकतो. एकही थांबा नाही. कोल्हापूरकरही त्याच सुमारास शेवटचं आत जाऊन आले, आणि आम्ही अजूनही पासष्ट सेकंदांनी पहिले. मी दादाच्या पाठीवर थाप मारली. देव पावला म्हटलं. आता नुसतं बघत बसायचं.

पण मला नुसतं बघत बसता येतं कुठं? मी पुण्याला पोचले होते. मुलाखतीत कुठला कुर्ता घालायचा इथपर्यंत पोचले होते.

तात्या आणि शेजारचे सावळाराम डीपीकडं गेले, वायरमनला घेऊन. तीन बाराला पंखा फिरला. दादाचा संगणक सुरू झाला. मी हेडफोनमध्ये आनंदानं म्हणाले, "यशा, लाईट आली बघ."

"व्हय का?" यशा म्हणाला. "मग आनतो आत."

"काय आणतोस?"

"गाडी. सोमादादाची चार मिनिटं ऱ्हायल्यात न्हवं."

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग स्क्रीनवर दिसलं, गाडी उजवीकडं वळतेय. "यशा! वेडा झालास का? आत यायचं नाही! पेट्रोल आहे, टायर आहेत, आपण पहिले आहोत!"

"आगं पन त्याची पाळी व्हती. लाईट गेली म्हनून मी बसलो. त्याची मिनिटं मी कशी घिऊ?"

"ही विहीर आहे का?"

तो थांबला नाही. यशाला कुणी ओरडलं तर तो उलट बोलत नाही, जे करतोय ते करत राहतो. लहानपणापासून तसाच. गाडी आत आली. मी दादाकडं वळले, "तू बसू नकोस, तू सांग त्याला." दादानं माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं, आणि पेडलवर पाय ठेवला. "आता आनलीच हाय तर उभी ठिऊन काय करायचं?" तो म्हणाला.

एक मिनिट गेलं. पासष्टमधले पाच सेकंद उरले. चार मिनिटं झाल्यावर पुन्हा यशाला द्यायचं म्हणजे आणखी एक मिनिट, ते शक्य नव्हतं. उरलेला पाऊण तास दादालाच काढावा लागणार होता, आणि दादा दर फेरीला अर्धा सेकंद हळू. मी गणित करू शकत होते. गणित करता येणं हा त्या पाऊण तासापुरता शाप होता. पाच सेकंदांचे चार झाले, तीन झाले. पावणेचारला कोल्हापूरकरांचं नाक आमच्या पाठीला लागलं. तीन बावन्नला ते पुढे गेले. दादा घामाघूम झाला होता, जीव तोडून चालवत होता बिचारा. चारला आम्ही दुसरे आलो, चार सेकंदांनी.

मी हेडफोनमध्ये जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. शेवटचं तेवढं सांगते. "तुला दुसरं काही कळतच नाही," मी म्हणाले. "जा, त्या विहिरीतच बस जन्मभर. पण मला कशाला ओढलंस?" यशा म्हणाला, "चुकलं असंल आक्का." आणि त्यानं हेडफोन काढला.

साडेपाचला निकालाचा तक्ता आला. मला तो बघायचा नव्हता. बघितला. एकतीसपैकी नऊ नावं लाल रेघेनं कापलेली. पुढे कारण होतं: एका चालकाचा किमान वेळ अपुरा. कुणाचं इंटरनेट गेलं होतं, कुणाची लाईट, आणि जोडीदारानं गाडी शेवटपर्यंत तशीच नेली होती. आमचं नाव दुसऱ्या ओळीत, न कापलेलं. सोमनाथ: दोन तास त्रेचाळीस मिनिटं.

मी त्यातून शेवटची पंचेचाळीस वजा केली. उरली एकशेअठरा. पुन्हा केली. एकशेअठराच. वही उघडली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात, लाल शाईत, खाली दोन रेघा. यशानं गाडी आत आणली नसती तर आम्ही पहिले येऊन कापले गेलो असतो, दोन मिनिटांसाठी. मी लाईट गेल्यावर हसले होते. यशानं तेवढ्यात मिनिटं मोजली होती.

आणि त्यानं ती नियमासाठी मोजली नव्हती. नियम त्याच्या ध्यानातही नसणार, ते खातं माझं होतं. ती मिनिटं त्याची नव्हती, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी वही मिटली. उठून गावठाणात जायला हवं होतं, दहा मिनिटांची वाट. मी गेले नाही. रात्री दादा म्हणाला, "त्याला एवढं बोलायला नगं व्हतं." मी म्हणाले, मला झोपू दे. तक्त्याबद्दल मी कुणालाच काही बोलले नाही.

मंगळवारी दुपारी फोन आला. मी बारामतीच्या स्टँडवर होते, कळसची बस लागत होती, कर्ण्यावरून काहीतरी सांगत होते. "दिग्विजय बोलतोय," पलीकडून आवाज आला, पुण्याच्या त्या कंपनीतून. जिंकलेल्या संघाला बोलावलंय, पण तुमच्याशीही बोलायचं होतं, ते म्हणाले. "पासष्ट सेकंदांची आघाडी असताना, गाडीत काही बिघाड नसताना, तुम्ही गाडी आत घेतलीत. पहिला नंबर सोडून संघ वाचवलात. त्या दिवशी नऊ जणांना हे सुचलं नाही. मला एवढंच विचारायचंय, गाडी आत घ्यायचं कुणी ठरवलं?"

मी काय सांगू शकले असते? माझा चुलत भाऊ दुधाचा टेम्पो चालवतो, त्यानं विहिरीच्या पाळीसारखी मिनिटं परत केली, आणि मी त्याला थांबवायला गळा फाडत होते? खरं तेवढंच होतं. सांगायला दहा सेकंद लागले असते.

"मी," असं मी म्हणाले.

"नक्की?"

"हो. माझाच निर्णय होता."

पाय हलायचा थांबला होता. मला ते नीट आठवतंय, कारण तसं कधी होत नाही.

मुलाखत झाली, आकडेमोडीचे प्रश्न विचारले, ते मला आले. एक तारखेपासून या म्हणाले. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले, तात्या दोन दिवस उगाच घसा खाकरत फिरले. आबांच्या घरी पेढे द्यायला मी दादाला पाठवलं. यशा विहिरीवर दिसायचा तेव्हा मी वाट बदलायचे. माफी मागायला गेले तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला गेले तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पंधरा दिवस मी घरात अशी फिरत होते की आई म्हणाली, "जायाचं म्हनून हुरहूर लागली पोरीला." मी होय म्हणाले. तेही खोटंच.

जायच्या दिवशी सकाळी दादाची गाडी पंक्चर. तात्यांनी मला न विचारता यशाला फोन केला. तो टेम्पो घेऊन दारात. माझी बॅग त्यानं कॅनच्या मधे नीट अडकवली, वर पोतं टाकलं. मी त्याच्या शेजारी बसले.

कळस सोडलं. दोन्हीकडं ऊस, मधूनच डाळिंबाची बाग. गतिरोधक आला की यशा लांबूनच पाय उचलायचा, टेम्पो आपोआप हळू व्हायचा, कॅनचा आवाजही येत नव्हता. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा समोर उसाचा ट्रॅक्टर आला. एकदा त्याचा फोन वाजला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुला फार बोलले."

"त्यात काय," यशा म्हणाला. "माझ्यामुळं तुझा नंबर गेलता."

"नव्हता गेला. तुझ्यामुळंच राहिला. तो दोन तासांचा नियम—"

"म्हाइत हाय. त्या दिग्विजय सरांनी सांगितलं."

मी त्याच्याकडं वळले. "तुला कधी भेटले ते?"

"फोन आलता. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. फॉर्मवर माझाच नंबर व्हता न्हवं का."

सोमवार. माझ्या आधीचा दिवस.

"काय विचारलं?"

"हेच की, गाडी आत घ्यायचं कुनी ठरिवलं." त्यानं समोरच्या सायकलवाल्याला वाट दिली. "मी म्हनलो, आक्कानं. ती कानात सांगत असती, आमी नुसतं चालवतो."

तो माझ्याकडं न बघता, सहज, भाव सांगावा तसं सांगत होता. "आगं, तुला जायाचं व्हतं. मला कुठं जायाचंय? आन् तवा मला वाटत व्हतं की माझ्यामुळं तू हारलीस. नियमाचं त्यांनी मागनं सांगितलं. ज्याचं आपल्यामुळं गेलं त्याला भरून द्यायला नगं?" मग त्याला काहीतरी आठवलं आणि पहिल्यांदाच तो जरा काळजीत दिसला. "तुला बी इचारलं असंल की त्यांनी. तू काय सांगितलंस?"

मी पुढच्या काचेकडं बघत म्हणाले, "मी म्हणाले, मीच."

यशानं सुस्कारा सोडला. मोठा, मनापासून. "बरं झालं बाई. पंधरा दिस जिवाला घोर व्हता. म्हनलं, ही खरं सांगून बसली तर दोगांचं येगळं पडंल, आन् तुझं काम जायाचं."

"यशा, मी खोटं बोलले."

"मी बी." तो हसला. "मग झाली की फिट्टंफाट."

त्याच्या हिशोबानं झाली असेल. मला तिथं, त्या टेम्पोत, दुधाच्या वासात, इतकी लाज वाटली की दार उघडून उतरावंसं वाटलं. त्यानं जे मला आदल्याच दिवशी देऊन टाकलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून चोरलं होतं. खोटं दोघांचंही सारखंच, अक्षर न अक्षर सारखं. पण त्याला माझ्यावर इतका विश्वास होता की पंधरा दिवस त्याला एकच भीती होती, ही खरं सांगेल.

बारामतीच्या स्टँडवर पुण्याची गाडी उभी होती. यशानं बॅग वर चढवली, जागा धरली, खिडकीखाली उभा राहिला. दूध तापत होतं, केंद्रावर उशीर झाला की बोलणी खावी लागतात. मी म्हणाले, तू जा. "निघू दे तुझी गाडी," तो म्हणाला. "आन् इकडची काळजी करू नगं. तात्याला गुडघ्यानं मोटारीवर जाववत न्हाय, तुमची पाळी मी बघीन. लाईट गेली तर लिवून ठिवीन."

गाडी निघाली. मी मोबाईल काढला, दिग्विजय सरांचा नंबर समोर आणला. फलटणकडचा फाटा गेला, मोरगाव गेलं, जेजुरीही गेली. नंबर समोरच होता. पाय असा हलत होता की शेजारच्या आजीबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाय हलवू नगं गं बाळ."

सासवडला मी फोन लावला. रिंग वाजत होती, आणि पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलं होतं: ती मिनिटं माझी नव्हती.